अडथळा पडला तरी धांवणारा बाद नाहीं

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिलें पत्र ९:२४-२७, इब्री लोकांस पत्र १२:१-३, प्रेषितांचीं कृत्यें १३:१३, १५:३६-४० व १६:६-१०, तीमथ्यास दुसरें पत्र ४:११.

प्रस्तावना

ख्रिस्ती मनुष्याच्या आयुष्यक्रमास शर्यतीची उपमा देण्याची रीत पौल प्रेषितापासून चालत आली आहे. ज्या करिंथकरांस त्यानें पत्र लिहिलें त्यांच्या शहराजवळ इस्थमस म्हणून ठिकाण होतें; तेथें दर दोन वर्षांनीं खेळांचा मोठा मेळा भरत असे. धांवणारे, मुष्टियुद्ध करणारे, रथ हांकणारे हे करिंथकरांच्या नेहमींच्या पाहण्यांतले. म्हणून पौलाला ही उपमा फोड करून सांगावी लागली नाहीं. आमच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांस मात्र ती थोडी फोडून सांगावी लागते. जत्रेंतली कुस्ती आम्हांस ठाऊक आहे, बैलांची शर्यत ठाऊक आहे. परंतु मोजून आंखलेल्या वाटेवर एका माणसानें एकाच शर्यतीसाठीं वर्षानुवर्षें आपलें शरीर कसावें, ही गोष्ट फार थोड्यांनीं जवळून पाहिली असेल. ह्यास्तव ह्या आठवड्याच्या पाठासाठीं आम्हीं एका खऱ्या धांवणाऱ्याचें चरित्र निवडलें आहे.

त्याचें नांव विल्यम हॅरिसन डिलर्ड. तो अमेरिकेच्या ओहायो प्रांतांतील क्लीव्हलंड शहरीं १९२३ सालच्या जुलै महिन्यांत जन्मला व २०१९ सालच्या नोव्हेंबरांत, वयाच्या ९६ व्या वर्षीं, वारला. आम्ही त्याला संत म्हणून पुढें मांडीत नाहीं. पौलानेंही इस्थमसच्या खेळाडूंस संत म्हटलें नाहीं. त्यानें त्यांच्या श्रमाकडे व संयमनाकडे बोट दाखविलें. आम्हीही तेवढेंच करितों.

१. ही शर्यत कशी असते

डिलर्डची मुख्य शर्यत अडथळ्यांची. हींत ११० मीटर अंतर धांवावयाचें असतें आणि वाटेंत दहा अडथळे मांडलेले असतात. प्रत्येक अडथळा साडेतीन फूट उंच, म्हणजे पुरत्या वाढीच्या माणसाच्या कमरेइतका. आरंभाच्या रेघेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरांवर, पुढें प्रत्येक दोन अडथळ्यांमध्यें ९.१४ मीटर, आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेघेपर्यंत १४.०२ मीटर. दोन अडथळ्यांमध्यें धांवणारा बरोबर तीन पावलें टाकतो. चार नव्हे, दोन नव्हे. पाऊल एक वीतभर आंखूड पडलें तर पुढील अडथळा दूर राहतो. लांब पडलें तर तो अगदीं छातीशीं येतो.

पाहणारास वाटतें कीं, जो उंच उडी मारील तो जिंकेल. खरें पाहतां उंच उडी मारणारा हरतो. पाय जमिनीला लागल्यावांचून वेग घेतां येत नाहीं. म्हणून जितका वेळ हवेंत गेला तितका फुकट गेला. कसलेला धांवणारा अडथळ्यावरून उडत नाहीं, तर पुढला पाय सरळ टाकून, अंग पुढें झुकवून, त्यावरून जणूं ओलांडून जातो. अडथळा आणि त्याची मांडी ह्यांमध्यें बोटभरच जागा उरते, आणि ह्यामुळेंच केव्हां ना केव्हां पाय लागतोच.

पाय लागला आणि अडथळा आडवा झाला तर काय होतें? एके काळीं असा नियम होता कीं, तीन अडथळे पाडले तर तो धांवणारा बाद. पुढें तो नियम काढून टाकण्यांत आला. धांवतांना चुकून पाय लागून अडथळा पडला, तर धांवणारा बाद होत नाहीं. त्यानें पुढें धांवावें. परंतु जो जाणूनबुजून अडथळा पाडतो, किंवा आपली आंखलेली पट्टी सोडून अडथळा चुकवून बाजूनें पळतो, तो बाद होतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आमच्या साऱ्या पाठाचें मर्म त्यांत आहे.

२. ज्याला पाहून तो धांवूं लागला

डिलर्डचे आईबाप कृष्णवर्णी होते, आणि त्या काळीं अमेरिकेंत ह्या लोकांस पुष्कळ ठिकाणीं वेगळें व हलकें लेखीत. तो शरीरानें इतका किडकिडीत होता कीं, सोबत्यांनीं त्याचें टोपणनांव 'हाडें' असें पाडलें. लहानपणीं तो व त्याचे सवंगडी टाकून दिलेल्या मोटारींच्या बैठकांच्या स्प्रिंगा गल्लींत ओळीनें मांडून त्यांवरून धांवत. अडथळ्यांचा पहिला धडा त्यानें असा मोडक्या सामानावर घेतला.

१९३६ सालीं त्याच शहरांत वाढलेला जेसी ओवेन्स हा बर्लिन येथील ऑलिम्पिक खेळांत चार सुवर्णपदकें जिंकून घरीं आला. त्याची क्लीव्हलंडच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. रस्त्याच्या कडेला तेरा वर्षांचा डिलर्ड उभा होता. आपणही असेंच व्हावें, हें त्यानें तेथें मनांत धरिलें. ज्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलांत ओवेन्स शिकला होता त्याच शाळेंत पुढें डिलर्डही शिकला, आणि ओवेन्सनें त्याला धांवण्याच्या बुटांचा जोड दिला.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत आपल्या सभोंवार असलेल्या साक्षींच्या मोठ्या समुदायाविषयीं लिहिलें आहे. पुढें गेलेले आपलें धांवणें संपवून आपणांस पाहत आहेत, असें तें चित्र आहे. आपल्या मंडळींतल्या वृद्धांस आमचें सांगणें हें कीं, तुमच्याकडे पाहणारें एखादें तेरा वर्षांचें पोर रस्त्याच्या कडेला उभें असतें. त्याला केवळ तुमची मिरवणूक दाखवूं नका. तुमच्या पायांतले बूटही द्या. म्हणजे तुम्हांस ठाऊक असलेलें वचन, गीत, प्रार्थनेची संवय, हिशेबाची सचोटी, हीं त्याच्या हातीं द्या.

शाळेनंतर तो बेरिया गांवच्या बाल्डविन-वॉलेस कॉलेजांत गेला. ह्या कॉलेजाच्या मुळाशीं जॉन बाल्डविन नांवाचा एक मेथॉडिस्ट गृहस्थ होता. तो धार लावण्याचे दगड काढून विकीत असे, आणि त्या धंद्याच्या पैशांतून त्यानें १८४५ सालीं शाळा काढिली. तींत वर्ण अथवा स्त्रीपुरुष हा भेद न पाहतां विद्यार्थी घेत. ह्याच बाल्डविननें हिंदुस्थानांतील मिशनकार्यासही देणगी दिली, आणि बंगळूरच्या मेथॉडिस्ट शाळांस त्याचेंच नांव आहे. एका दगडविक्याचें दान कोठकोठें पोंचलें तें पाहा!

३. युद्ध, आणि मग ब्याऐंशी विजय

१९४३ सालीं डिलर्डला सैन्यांत बोलावणें आलें व शिक्षण मध्येंच थांबलें. तो ९२ व्या पायदळ विभागांत इटलींत होता. हा विभाग कृष्णवर्णी शिपायांसाठीं वेगळा ठेवलेला होता. एकाच देशासाठीं मरावयाचें, परंतु वेगळें राहून, अशी तेव्हांची रीत. ती रीत बंद करण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं १९४८ सालच्या जुलैच्या २६ व्या दिवशीं काढला. आम्ही पुढें सांगणार त्या लंडनच्या शर्यतीस त्या वेळीं अवघे पांच दिवस उरले होते.

युद्धावरून परत आल्यावर त्याचा वेग लोकांच्या नजरेंत भरला. १९४७ च्या उन्हाळ्यापासून १९४८ च्या जूनपर्यंत त्यानें लागोपाठ ८२ शर्यती जिंकल्या, कांहीं सपाट तर कांहीं अडथळ्यांच्या. १९४८ च्या एप्रिलांत कॅन्सस प्रांतीं १२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत १३.६ सेकंदांत धांवून त्यानें जगाचा उच्चांक केला. जूनच्या अखेरीस मिल्वॉकी येथें ही विजयांची सांखळी तुटली. तथापि ऑलिम्पिकांत अडथळ्यांचें सुवर्णपदक त्याचेंच, ह्याविषयीं कोणास फारशी शंका नव्हती.

४. इव्हॅन्स्टन येथील दोन दिवस

ऑलिम्पिक खेळांस जाणारे अमेरिकेचे धांवणारे निवडण्यासाठीं १९४८ च्या जुलैंत इव्हॅन्स्टन गांवीं शर्यती झाल्या. नियम साधा व कडक : प्रत्येक शर्यतींतले पहिले तिघे जातील, चौथा जाणार नाहीं. पूर्वींचे विजय, जगाचा उच्चांक, लोकांची वाहवा, ह्यांपैकीं कांहींही हिशेबांत धरावयाचें नाहीं.

पहिल्या दिवशीं १०० मीटरांची सपाट शर्यत होती. डिलर्ड तींत धांवला व तिसरा आला. बार्नी यूएल पहिला व मेल पॅटन दुसरा. ज्यानें ८२ शर्यतींत पहिला नंबर सोडला नव्हता, त्याला तिसरा नंबर ही कांहीं मोठी मिळकत वाटण्याजोगी नव्हती. शिवाय ती त्याची मुख्य शर्यतही नव्हे.

दुसऱ्या दिवशीं अडथळ्यांची शर्यत. सुटला आणि पहिल्याच अडथळ्याला त्याचा पाय लागला. पाय लागल्यानें पाऊल आंखूड पडलें. पाऊल आंखूड पडल्यानें तीन पावलांचा ताल मोडला. ताल मोडल्यानें पुढच्या अडथळ्यालाही पाय लागला. असें करितां करितां शर्यत अर्ध्याहून पुढें गेल्यावर तो थांबला. जगांतला सर्वांत वेगवान अडथळे धांवणारा अंतिम रेघेपर्यंत पोंचलाच नाहीं. दुसऱे तिघे निवडले गेले. नियम नियमच होता. त्याच्यासाठीं चौथी जागा निर्माण झाली नाहीं.

वाचकहो, येथें आपण क्षणभर थांबूं. चरित्रें सांगणारे बहुतकरून असें सांगतात कीं, वीर पडला, लगेच उठला आणि जिंकला. ह्या दिवशीं तसें झालें नाहीं. ती शर्यत गेली ती गेलीच. लंडनला अडथळ्यांच्या शर्यतींत बिल पोर्टर पहिला आला व पहिले तिघेही अमेरिकेचेच होते. त्यांत डिलर्ड नव्हता. पश्चात्तापाविषयीं शिकवितांना हें सत्य आपण झांकूं नये. देव क्षमा करितो. परंतु दारूंत गेलेलीं वर्षें, भांडणांत मोडलेलें घर, आळसांत नासलेली पेरणीची वेळ, हीं जशींच्या तशीं परत हातीं येत नाहींत. क्षमा म्हणजे गेलेली शर्यत पुन्हां मिळणें नव्हे. क्षमा म्हणजे पुढली शर्यत धांवण्याची मोकळीक.

५. लहान वाटलेलें दार

आतां त्या तिसऱ्या नंबराकडे पाहूं. आदल्या दिवशीं मिळालेली ती जागा त्याच्या हातांत होती. ती त्याच्या आवडीच्या शर्यतीची नव्हती, आणि तींत त्याच्यापुढें दोघे होते. तरी तो त्याच जागेवर लंडनला गेला.

१९४८ च्या जुलैच्या ३१ व्या दिवशीं वेम्ब्लीच्या मैदानावर १०० मीटरांची शेवटची शर्यत झाली. डिलर्डला अगदीं कडेची पट्टी मिळाली होती. तो आरंभापासून पुढें होता. शेवटीं यूएल जवळ जवळ बरोबरीस आला. यूएलला वाटलें आपणच जिंकलों, आणि तो आनंदानें नाचूं लागला. परंतु अंतिम रेघेवर छायाचित्र घेणारें यंत्र होतें. तें छायाचित्र पाहून पंचांनीं निर्णय दिला : डिलर्ड पहिला, यूएल दुसरा, पनामाचा लॉईड लाबीच तिसरा. वेळ १०.३ सेकंद. बारा वर्षांपूर्वीं बर्लिनच्या शेवटच्या शर्यतींत ओवेन्सचीही हीच वेळ होती.

यूएलविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे. सर्वांदेखत नाचून झाल्यावर आपण दुसरे आलों असें कळणें हें किती लाजिरवाणें! परंतु त्यानें कुरबूर केली नाहीं. त्यानें डिलर्डकडे जाऊन त्याचें अभिनंदन केलें. मंडळीच्या निवडणुकींत आपलें नांव मागें पडलें म्हणून जे दोन दोन वर्षें उपासनेस येत नाहींत, त्यांनीं ह्या दुसऱ्या नंबराच्या मनुष्यापासून शिकावें.

पौलाचेंही असेंच झालें होतें. कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत तो आशियांत वचन सांगूं पाहत होता, तेथें मनाई झाली. बिथुनियांत जाऊं पाहत होता, तेथेंही जाऊं दिलें नाहीं. मनांतलीं दोन्ही दारें बंद. तेव्हां त्रोवसास रात्रीं त्याला मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टान्त झाला, आणि सुवार्ता युरोपांत गेली. ज्या वाटेवर आपण पाय ठेवूं म्हणतों ती बंद झाली म्हणजे देवानेंच आपणास टाकिलें, असें समजूं नये. काल मिळालेला तिसरा नंबर खिशांत आहे काय, हें आधीं पाहावें.

६. पंचाचा निर्णय

त्याच खेळांत आणखी एक गोष्ट घडली. चौघांनीं एकामागून एक धांवून हातांतली दांडी पुढच्याला देण्याची शर्यत असते. तिला रिले म्हणतात. दांडी देण्याची जागा रेघांनीं आंखलेली असते. तिच्याबाहेर दांडी दिली तर सारा संघ बाद. डिलर्ड ह्या शर्यतींतही होता. अमेरिकेचा संघ पहिला आला, परंतु यूएलनें लोरेन्झो राइटला दांडी मर्यादेबाहेर दिली असें ठरवून पंचांनीं त्यांस बाद केलें व ग्रेट ब्रिटनच्या संघास पहिला नंबर दिला. पुढें चलच्चित्र तपासून पाहिलें तों दांडी मर्यादेच्या आंतच दिली होती. काहीं दिवसांनीं निर्णय फिरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या संघास मिळालें.

एका खेळांत दोनदां असें झालें कीं, डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें ठरलें व यंत्रानें टिपलेलें खरें ठरलें. गांवांत एखाद्या बंधूविषयीं बोभाटा होतो. पारावर निर्णय होऊन जातो. मंडळीचे लोकही मान डोलावितात. आम्ही पंचमंडळीस हेंच विनवितों कीं, निर्णय देण्यापूर्वीं चित्र पाहा. दोन बाजूंचे साक्षी बोलावा. आणि निर्णय चुकला असें दिसल्यास तो जाहीर रीतीनें फिरविण्यांत कमीपणा मानूं नका. कोणाला कांहीं न दिसलें तरी अंतिम रेघेवर जो उभा आहे त्याच्या नजरेंतून एक केसही सुटत नाहीं.

७. चार वर्षें

आतां डिलर्डपाशीं दोन सुवर्णपदकें होतीं. जगांतला सर्वांत वेगवान मनुष्य म्हणून त्याचें नांव झालें. दुसरा कोणी म्हणता, 'अडथळे गेले तर जाऊं द्या. देवानें मला सपाट वाट दिली.' परंतु त्याची मुख्य शर्यत अपुरी राहिली होती. तो पुन्हां अडथळ्यांकडे वळला. चार वर्षें तो त्याच तीन पावलांचा ताल कसत राहिला.

१९५२ सालीं फिनलंडच्या हेलसिंकी शहरीं ऑलिम्पिक खेळ भरले. डिलर्ड तेव्हां २९ वर्षांचा होता. ह्या वेळीं अमेरिकेच्या निवडींत तो पार पडला होता. जुलैच्या २४ व्या दिवशीं शेवटची शर्यत झाली. शेजारीं त्याच्याच देशाचा जॅक डेव्हिस. दोघांचीही वेळ १३.७ सेकंद नोंदली गेली. परंतु पहिला डिलर्ड होता. तो ऑलिम्पिक खेळांचा नवा उच्चांक ठरला. पुढें रिलेमध्येंही त्याच्या संघास सुवर्णपदक मिळालें. अशीं चार सुवर्णपदकें झालीं. ज्याची मिरवणूक त्यानें रस्त्याच्या कडेनें पाहिली होती त्याचींही चारच होतीं. ऑलिम्पिकच्या इतिहासांत पुरुषांची १०० मीटरांची सपाट व ११० मीटरांची अडथळ्यांची, ह्या दोन्ही शर्यती जिंकणारा तो एकटाच आहे.

विचार करा : इव्हॅन्स्टनला पाय लागला नसता तर तो कदाचित् लंडनलाच अडथळ्यांचें पदक घेऊन मोकळा होता. मग पुढलीं चार वर्षें त्यानें घालविलीं असतीं कीं नाहीं कोण जाणे! पडणें चांगलें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पडल्यानंतरचीं वर्षें वायां गेलींच पाहिजेत, असेंही नाहीं.

१९५६ सालच्या निवडींत तो मागें पडला व त्यानें शर्यतीं सोडल्या. त्यानंतर क्लीव्हलंडच्या शिक्षणखात्यांत त्यानें पुष्कळ वर्षें नोकरी केली. टाळ्या संपल्यावर साधें रोजचें काम नेटानें करणें, हीही एक शर्यतच होय.

८. मंडळीस बोध

पहिला बोध पडणारासाठीं. पहिल्या अडथळ्याला लागलेला पाय दहाव्या अडथळ्यापर्यंत पोंचतो. आमच्या खेड्यांत हें कसें घडतें तें पाहूं. मुलीच्या लग्नांत ऐपतीबाहेर खर्च झाला, हा पहिला अडथळा. सावकाराचें कर्ज झालें. कर्जदारापुढें लाज वाटून वर्गणी बंद झाली. वर्गणी नाहीं म्हणून उपासनेस जाणें अवघड वाटूं लागलें. उपासना सुटल्यावर जुन्या संगतीची ओढ लागली. शेवटीं लोक म्हणतात, 'तो देवापासून दूर गेला.' दूर तो एका दिवसांत गेला नाहीं; ताल मोडला तो पहिल्या पावलाशींच. म्हणून पहिला अडथळा पडतांच आपल्या पाळकाकडे किंवा उपदेशकाकडे जा आणि झालेलें सांगा. ताल सुधारण्याची जागा ती.

दुसरा बोध मंडळीसाठीं. योहान मार्क पंफुल्यांत पौलाला सोडून परत गेला. पुढच्या प्रवासास त्याला घेऊं नये असें पौलानें ठरविलें आणि ह्यावरून बर्णबाशीं त्याचा तीव्र वाद झाला. पौलाचें म्हणणें निराधार नव्हतें. काम सोडून गेलेल्यावर भरंवसा कसा ठेवावा? परंतु बर्णबानें त्या तरुणाला हातीं धरून कुप्रास नेलें. पुष्कळ वर्षांनंतर बंदिशाळेंतून लिहितांना पौलच तीमथ्याला सांगतो कीं, मार्काला घेऊन ये, सेवेसाठीं तो मला उपयोगी आहे. बर्णबानें वाट पाहिली नसती तर पौलाला हें वाक्य लिहिण्याची वेळच आली नसती. तुमच्या मंडळींत चुकलेल्याला हातीं धरणारा बर्णबा कोण आहे?

तिसरा बोध उपदेशक बंधूंसाठीं. एखादा परीक्षेंत उतरला नाहीं. एखाद्याला मोठ्या ठाण्यावरून काढून चार घरांच्या वस्तीवर पाठविलें. एखाद्याच्या मागून आलेला पुढें गेला. मनाला लागतें, हें आम्ही जाणतों. परंतु बंधूंनो, त्या चार घरांच्या वस्तीवर तुम्ही तिसऱ्या नंबराच्या जागेवर उभे आहां, आणि तेथून वेम्ब्लीला जातां येतें. परीक्षा पुन्हां येईल. तोंपर्यंत तीन पावलांचा ताल सोडूं नका : वचनाचें वाचन, प्रार्थना, घरोघर भेट.

चौथा बोध सावधगिरीचा. ह्या पाठावरून कोणी असें म्हणूं नये कीं, 'अडथळा पडला तरी चालतें, मग पाडावयास काय हरकत?' जो जाणूनबुजून पाडतो तो बाद. जो आपली पट्टी सोडून बाजूनें पळतो तोही बाद. चुकून पडणें वेगळें आणि पापाशीं करार करणें वेगळें. करिंथकरांस लिहितांना पौलाला स्वतःविषयीं जी भीति वाटली ती हीच, कीं दुसऱ्यांस हांक देऊन आपण मात्र नापसंत ठरूं. प्रेषिताला ही भीति होती, तर आम्हांस ती नसावी काय?

विजय शेवटीं आमच्या पायांच्या बळानें मिळावयाचा नाहीं. इब्री पत्राचा लेखक धांवणारांस आपल्या पायांकडे अथवा शेजारच्या पट्टीकडे पाहावयास सांगत नाहीं. तो येशूकडे पाहावयास सांगतो, ज्यानें लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सोसला. अडथळ्याकडे पाहणाऱ्याचा पाय अडथळ्यालाच लागतो. ज्याची दृष्टि शेवटावर आहे त्याचाही कधीं लागेल. परंतु पुढें कोठें जावयाचें हें त्याला ठाऊक असतें.

शब्बाथ शाळेंत विचारावयाचे प्रश्न

१. करिंथ शहराजवळ कोणते खेळ भरत, आणि पौलानें त्यांवरून काय शिकविलें?
२. चुकून अडथळा पडणें आणि जाणूनबुजून पाडणें ह्यांत काय भेद? आपल्या गांवांतल्या जीवनांतून दोन्हींचें एक एक उदाहरण सांगा.
३. डिलर्डचा तिसरा नंबर त्याच्या कामीं कसा आला? तुमच्या हातीं असलेली कोणती लहान जागा तुम्हीं हलकी मानिली आहे?
४. यूएल दुसरा आला तेव्हां त्यानें काय केलें? आपण त्याच्या जागीं असतां तर काय केलें असतें?
५. बर्णबा व पौल ह्या दोघांपैकीं कोणाचें बरोबर होतें? दोन्ही बाजूंनीं उत्तर द्या.
६. आपल्या मंडळीच्या वहींतलीं ज्यांचीं नांवें आपण मनांतून खोडलीं आहेत, अशा कोणाला ह्या आठवड्यांत भेटावयास जावें?

शिकविणारास सूचना : सहाव्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें घेऊं नये. प्रत्येकानें तें मनांत ठेवावें आणि शनिवारच्या आंत त्या घरीं जाऊन यावें.

प्रार्थनेचा विषय : ज्यांचा पाय ह्या वर्षीं अडथळ्याला लागला, त्यांच्यासाठीं, आणि त्यांस हातीं धरण्याचें धैर्य आपणांस मिळावें, ह्यासाठीं.